आज अंग कसं हाय?

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या आणि त्यांनी स्वतःच्या कोपराची झेरॉक्स मागितली. शप्पथ.

मी म्हटलं, "कशाची?"

"कोपराची रं. ह्या." आणि मी काही बोलायच्या आत मशीनचं झाकण उचलून, ब्लाउजची बाही वर सारून, कोपर काचेवर ठेवलं पण. "दाब बटण. झाकण लावू नगं, दुखतंय."

आता सांगलीत झेरॉक्सच्या दुकानात काय काय येतं. आधार येतं, सातबारा येतो, शाळेचे दाखले येतात, एकदा एकानं पोपटाचा फोटो मोठा करून मागितला होता. पण कोपर? मागं लाईन लागलेली. मी दाबलं बटण. कागद बाहेर आला, तो बाईंनी ट्यूबखाली धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि असल्या खूश झाल्या की काय सांगू.

"एकसष्ट वर्षं माझ्यासंगं हाय आन् नीट आज बघतीया त्याला. तू बघितलंयस का कवा तुझं कोपर? नुसतं पाठीमागं लपतंय. लय लाजाळू." मग माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत. "वळ जरा. पाठ दाखव."

"आं?"

"वळ की!"

वळलो. लाईनमधली माणसं हसायला लागली. बाई म्हणाल्या, "चालतंय. रविवारी ये घरी. चड्डी चांगली घालून ये."

अशी ओळख झाली आमची.

बाई म्हणजे रिटायर्ड चित्रकलेच्या बाई. मूळच्या वाईच्या, घाटावरच्या पुजाऱ्यांची लेक, पण अख्खी नोकरी आमच्या कडेगाव भागातल्या शाळांत गेली, त्यामुळं बोलणं पार आमच्यासारखं. लग्न केलेलं नाही. सांगलीत खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, आणि त्या पत्र्याच्या खोलीत बाई माणसं रंगवायच्या. कागदावर माणसं नाही हां. माणसांवर रंग. अंगावर.

गल्लीत म्हणायचे म्हातारीचं डोकं फिरलंय. दूधवाल्यानं एकदा समोरच विचारलं, "उघडी पोरं रंगवत्यात त्या तुमीच न्हवं?" बाई म्हणाल्या, "व्हय, मीच. तू बी ये की एकदा, तुझी ढेरी लय दिवस डोळ्यात हाय माझ्या." दूधवाला तेव्हापासून पोट आत ओढून दूध घालायला लागला.

वरच्या खोलीत नियम होते. गुरुवार बायकांचा, रविवार आम्हा पुरुषांचा. फोटो काढायचा नाही, अजिबात. मी पहिल्या दिवशी फोन नुसता हातात घेतला तर म्हणाल्या, "त्यो खाली ठेवून ये, न्हाईतर त्यालाच रंगवीन." काम पुरं होईपर्यंत आरसा नाही. पंखा नाही, कारण रंग तडकतो. मार्च महिन्यात, सांगलीत, पत्र्याखाली, पंखा नाही! उभं राहून चक्कर यायला लागली की बाई शेंगदाण्याचा लाडू थेट तोंडात कोंबायच्या, कारण हात रंगवलेले असायचे.

आणि सगळ्यात पहिला प्रश्न, दर वेळी: "आज अंग कसं हाय?"

मी म्हणायचो, बरा आहे बाई.

"तुला कुनी इचारलं? तू रोजच बरा असतोस. अंग कसं हाय?"

मग खरंच विचार करायला लागायचा. अरे हो, मशीनवर वाकून वाकून डावा खांदा आखडलाय. पोटात सकाळचा वडा तसाच बसलाय. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, ब्रश बुडवायच्या आणि त्या खांद्याला विचारायच्या, "येऊ का?" खांद्याला, मला नाही. आणि ब्रश हवेत धरून थांबायच्या. उत्तर मी द्यायचं, खांद्याच्या वतीनं. "या." मगच ब्रश टेकायचा. गुडघ्याला मात्र आवंजावं करायच्या. "आवं गुडघं, येऊ का? तुमचं वय झालंय, बसून घ्या वाटलं तर." पहिल्या दिवशी मी एवढा हसलो की गळ्याखालचा अख्खा रंग वेडावाकडा झाला.

मी विचारलं होतं, बाई हे खूळ कुठनं आलं? तर म्हणाल्या, लहानपणी वडील रोज देवाला अंघोळ घालायचे, मऊ पंचानं पुसायचे, चंदन लावायचे, कानामागं सुद्धा. "दगडाच्या कानामागं चंदन लावायचं आन् जित्या माणसाला कुनी मायेनं हात बी लावू नये? मला काय त्ये पटंना बघ."

एक जिमवाला यायचा. काय बॉडी! स्पर्धेत उतरायचा, तिथं ते अंगाला तो तपकिरी रंग फासतात ना, त्याची सवय होती त्याला. आल्या आल्या दंड फुगवून उभा. बाईंनी दंडाकडं बघितलं पण नाही. त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाल्या, "कान लय सुरेख हाय रं तुझा. डावा." आणि तीन तास नुसता कान रंगवला. मोरपिसासारखा, निळा, हिरवा, पाळीला सोनेरी. तो बिचारा आधी वैतागला, "बाई, चेस्ट तरी बघा की!" बाई म्हणाल्या, "चेस्ट तू कमावलीस, लोकांनी बघितली, झालं. ह्यो तुला आईनं दिलाय. ह्याच्यासाठी काय केलंस कवा?" आरशात बघितल्यावर चेस्टचं नावच काढलं नाही त्यानं. जाताना कानाला हात लावून लावून बघत होता, पडेल की काय असा. नंतर तो दर रविवारी यायला लागला, काम असो नसो.

आता माझं सांगतो.

आमच्यात पोरगं सतरा-अठराचं झालं की त्याचं अंग त्याचं राहत नाही. ते भरतीचं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, मिलिटरीतनं हवालदार म्हणून रिटायर होऊन आले. घरचा ऊस बघतात. बोलणं कमी. घरात सुद्धा मोजे घालून. शेतात गमबूट, देवळात मोजे, झोपताना मोजे, वैशाखात सुद्धा. मी समजायचो शिस्त असेल. तर हे आण्णा दर एक तारखेला माझी छाती मोजायचे. आईच्या शिलाई मशीनचा टेप. दारात उभा करायचे. "सोड श्वास. आता घे. फुगीव. फुगीव की रं!" आणि चौकटीवर पेन्सिलनं आकडा. लोकांच्यात चौकटीवर पोरांची उंची लिहितात ना, आमच्यात छाती.

अंडी खाल्ली, दूध प्यालो, डिप्स मारले. भरतीच्या मैदानात छातीवर मार्करनं नंबर टाकला माझ्या. म्हणजे बघा, अंगावर पहिलं रंगकाम माझं तिथंच झालं! पळण्यात पहिल्या गटात आलो. आणि टेपला नापास झालो. फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला पाहिजे होती, माझी साडेतीनला थांबली. पुढच्या खेपेला परत साडेतीन. नंबर पुसायला साबणानं घासलं घासलं, तरी चार दिवस फिका दिसत होता. मी चार दिवस बनियन काढलं नाही.

पहिल्या खेपेचं घरी माहीत होतं. दुसऱ्या खेपेला गेलो होतो हेच सांगितलं नाही. सांगितलं काय, तर सांगलीत अर्धा दिवस दुकानात काम करतो आणि अर्धा दिवस भरतीची अकॅडमी. अकॅडमी नव्हतीच. आण्णा फोनवर विचारायचे, "छाती किती झाली?" मी म्हणायचो, "वाढतीया." दर एक तारखेला. कधी ना कधी ते टेप घेऊन समोर येणार आणि सगळं उघडं पडणार, हे मला पक्कं माहीत होतं.

तर त्या पहिल्या रविवारी शर्ट काढला आणि दोन्ही हात छातीवर बांधून उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, "हात काढ."

"बाई, मला छाती न्हाई."

"मग ह्ये काय हाय? पत्रा?"

हात काढले. त्या बघत बसल्या. लय वेळ. मला वाटलं आता टेप मागवतात. तर म्हणाल्या, "सपाट छाती घिऊन मी काय केलं असतं? ह्या फासळ्या बघ की. सऱ्या पाडलेलं रान हाय ह्ये. आयतं!"

चार तास उभा. दोन लाडू. मग आरसा आणला.

छातीवर उसाचं रान होतं. फासळ्यांच्या उंचवट्यावर कोवळा ऊस, दोन फासळ्यांच्या मधल्या सरीतनं पाणी, गळ्याच्या हाडापासून खाली बेंबीपर्यंत. बाई म्हणाल्या, "आता श्वास घे."

घेतला. आणि पाणी सरकलं. खरं सांगतो, पाणी सरकलं! सोडला, ऊस हलला. परत घेतला, परत सरकलं. तेच माझे साडेतीन सेंटिमीटर. तेवढ्यात अख्खं रान भिजत होतं.

मी किती वेळ नुसता श्वास घेत उभा होतो काय माहीत. बाई खाली जाऊन चहा टाकून आल्या.

आणि मग ते धुवायचं. हा पण नियमच, घरी जायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन सगळं धुऊन टाकायचं. मी जीव खाऊन घासत होतो, भरतीचा नंबर घासला होता तसा. तर बाहेरनं दारावर धाडधाड. "हळू चोळ रं! त्यानं काय पाप केलंय?"

आजपण अंघोळ करताना जोरात घासायला लागलो की मला ते दार ऐकू येतं.

मग हळदीचं झालं.

नवी हळद आली होती बाजारात आणि बाईंचं असं की नवी हळद आली की लहान पोरासारख्या व्हायच्या, मुठीत घेऊन वास घेत हिंडायच्या. त्या रविवारी रंगाखाली द्यायची पांढरी माती संपली होती. म्हणून बाईंनी खालचा पहिला हात हळदीचा दिला. तेलात कालवून. गळा, छाती, दंड, कान, पाय, सगळीकडं. वरचं चित्र पाण्यानं गेलं. हळद जाते का? मी तीनदा साबण लावला. बाई दाराबाहेरनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. उजळ दिसतुयास!"

आणि दुसऱ्या दिवशी गावची जत्रा! जायलाच लागणार. एसटीत कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "काय नवरदेव, नवरी कुटाय?" मी पुढचं ऐकायला थांबलोच नाही, मागं जाऊन बसलो. तरी मला उजेड पडला नाही, इतका मी येडा.

दारात आई होती. हातात परात. माझ्या गळ्याकडं बघितलं, कानाकडं बघितलं, हात उलटे करून बघितले. परात खाली ठेवली.

"कुनाची हाय रं ती?"

"कोन?"

"कोन म्हंजी? अक्षता कवा पडल्या?"

तोवर शेजारची काकू आलीच. "अगं बया! हळद लागली की पोराला! आन् आमास्नी पत्रिका बी न्हाई? पोरगी आपल्यातलीच हाय न्हवं?" आई रडायला लागली. म्हणते, एकुलत्या एकाची हळद मला बघायला मिळाली न्हाई. मी आपला, अगं आई लगीन न्हाई झालं, अगं ऐक की! काकू म्हणते, "मग सुटलास का मांडवातनं पळून?"

आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "अकॅडमीत हळद लावत्यात?"

सगळे माझ्याकडं वळले. काकू सुद्धा.

मग मी सांगितलं. सगळंच. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना मला. अकॅडमी नाही, दुसऱ्या खेपेला पण नापास झालो, साडेतीनच झाली, आता वय पण निघून चाललंय, आणि रविवारी मी एका बाईंच्यात उघडा उभा राहतो आणि त्या माझ्या अंगावर ऊस काढतात. हे शेवटचं वाक्य बोलल्यावर माझं मलाच कळलं, किती भयंकर वाटतंय ते.

आण्णा उठून जत्रेच्या कामाला गेले. जत्रा झाली, जेवणं झाली. सकाळी बूट घालून दारात उभे. "चल. त्या बाईचं घर दाखीव."

अख्ख्या वाटेत मी देवाला म्हणत होतो, मला काय पण बोलू देत, बाईंना बोलू देऊ नको.

बाईंनी दार उघडलं. आण्णा उंबऱ्याबाहेरनंच सुरू झाले, "आवं बाई, जाणत्या पोराला उघडं करून रंग फासताय, काय वाटत न्हाई का तुमास्नी?"

"वाटतंय की. लय बरं वाटतंय. बूट काढून आत या हवालदारसाहेब."

आण्णांनी बूट काढले. मोज्यांवर आत आले.

"मोजं बी काढा. फरशी वली हाय रंगानं."

"ऱ्हाऊ द्या."

बाईंनी जोर केला नाही. खुर्ची पुढं सरकवली. आण्णा बसले नाहीत. म्हणाले, "पोरगं मी भरतीसाठी वाढीवलंय. त्याची छाती..."

"कितीदा मोजलीसा?"

"दर म्हयन्याला."

"आन् टेप लावायच्या आधी हात कवा लावलासा का? नुसता?"

आण्णांनी माझ्या छातीकडं बघितलं. मला तर जमिनीत जावं वाटलं. कारण नव्हता लावला ना. मी आठवून बघितलं उभ्या उभ्या, लहानपणापासूनचं, नव्हता लावला. आणि आण्णा पण आठवत होते, ते दिसत होतं तोंडावर.

मग बाईंनी त्यांच्या मोज्यांकडं बघितलं. आवाज एकदम वेगळा. रविवारचा.

"आज पाय कसं हायत?"

मला वाटलं आता आण्णा उसळणार. पण ते बसले. खुर्चीत हळूच बसले, आणि म्हणाले, "दुखत्यात, बाई."

आणि वाकून मोजे काढले.

मी पहिल्यांदा बघितले माझ्या बापाचे पाय. एकवीस वर्षांचा होतो मी. उजव्या पायाची शेवटची तीन बोटं नव्हती, डाव्याची करंगळी नव्हती. तिथली कातडी गुळगुळीत, काळपट. आण्णा माझ्याकडं न बघता बोलले, "बर्फात गेली. रिटायर न्हवतो झालो मी. मला बी मेडिकललाच काढलं. तुझ्या आईशिवाय कुनाला ठावं न्हाई."

बाई अगं बाई, अरेरे, असलं काही म्हणाल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत राहिल्या, कोपराची झेरॉक्स बघितली होती तशाच. "लय चाललेत," एवढंच म्हणाल्या.

मग उठून वाटीत हळद कालवली. मला वाटलं स्वतः लावणार. तर वाटी माझ्या हातात दिली. "ह्ये माझं काम न्हवं. तुमच्या घरचं हाय."

मी खाली बसलो. कुठनं सुरुवात करू कळेना. बाईंनी शिकवलं होतं, आधी विचारायचं. आण्णांच्या समोर तोंडातनं शब्द निघेना, मग खाली बघूनच, त्या उजव्या पायाला म्हटलं, "येऊ का?"

मी तसाच थांबलो, बोटाला हळद घेऊन.

"ये रं," आण्णा म्हणाले.

त्या दिवशी आण्णा मोजे खिशात घालून गावाला गेले. रात्री आईचा फोन. हसतीया का रडतीया कळेना. "आरं, ह्यांचं पाय बी पिवळं! बापाचं बी दुसरं लगीन लावलं व्हय रं त्या बाईनं?"

टेप परत शिलाई मशीनच्या खणात गेला. चौकटीवरचे आकडे आहेत अजून. भरतीचं कुणी काढत नाही. मी दुकानातच राहिलो, आता ते मीच चालवतो.

बाईंना पुढं डोळ्यांनी दिसेना झालं. वाईला भावाकडं गेल्या आणि मागच्या वर्षी तिथंच वारल्या. मी लय शोधला, एक पण फोटो नाही बाईंचा. कसा असणार, त्यांचाच नियम! ती कोपराची झेरॉक्स तेवढी आहे. त्या दिवशी मी गुपचूप दुसरी कॉपी काढून ठेवली होती. फ्रेम करून काउंटरच्या मागं लावलीये. लोक विचारतात, हे काय, चंद्र आहे का? 

आण्णा महिन्यातनं एकदा येतात, कामं असतात सांगलीत. दुकानाच्या दारात कोल्हापुरी काढून ठेवतात, अनवाणी आत येतात. माझ्याकडं बघायच्या आधी वर फ्रेमकडं बघतात आणि अगदी सिरियसली विचारतात,

"आज कोपर कसं हाय?"

आणि उत्तर मी द्यायचं असतं.